गॅसच हाय, दुसरं काय न्हाई

आमच्या घरात छातीत दुखणं नावाचा आजारच नाही. छातीत दुखलं की गॅस, पाठ भरली की गॅस, हात जड पडला तरी गॅसच. माझ्या नवऱ्याला, सिद्धोधनला, दरदरून घाम फुटला तेव्हाही सासूबाईंनी मला ओवा भाजायला बसवलं. मी शाळेत चाळीस पोरांना गप्प करते, पण घरात माझं कोण ऐकतंय!

"आत्याबाई, दवाखान्यात नेऊ," मी सासूबाईंना म्हणाले.

"बबिता, विहारातल्या जेवणात वांगं लय तेलकट व्हतं. गॅस झालाय लेकराला. सोडा पाजते."

त्यांनी सोडा पाजला. हिंगाचं पाणी पाजलं. सिद्धोधन स्वतःही छातीवर तळवा फिरवत म्हणायचा, "गॅसच हाय, दुसरं काय न्हाई." शेवटी मी शेजाऱ्यांची जीप काढायला लावली आणि भांडत भांडत आमच्या चुडावा गावाहून परभणी गाठली. दवाखान्याच्या दारातच त्यानं मान टाकली. हृदय बंद पडलं होतं. तिथल्या लोकांनी छाती दाबून, शॉक देऊन ते पुन्हा चालू केलं. डोळे मात्र उघडले नाहीत.

"मधल्या वेळात मेंदूला रक्त मिळालं नाही," तरुण डॉक्टर आम्हा दोघींना म्हणाला. "शुद्धीवर आले तरी माणसं ओळखतील का, सांगता येत नाही. आमच्याकडे एक अभ्यास चालू आहे. श्वासाच्या मशीनमधून ऑक्सिजनबरोबर थोडा हायड्रोजन देतात. मेंदूची इजा कमी होते का, ते बघायचंय. उपयोग होईलच असं नाही. तो गॅस..."

झालं!

"गॅस?" सासूबाई ताडकन उठल्या. "गॅसनंच माझं लेकरू हितं आणून टाकलं, आन तुमी परत गॅसच भरायलाव व्हय?"

"आजी, हा वायू वेगळा असतो."

मी कपाळाला हात लावला. आमच्याकडं वायू म्हणजेही पोटातलाच. मी समजावलं, हात जोडले, शेवटी ओरडले, की गॅस कधी नव्हताच, हृदयाची नस बंद झाली होती. त्या ऐकेनात.

"मी पाजला सोडा माझ्या हातानं. मला ठाव न्हाई व्हय त्याला काय झालतं?" म्हणाल्या, आणि आवाज चिरकला.

गॅस नव्हता असं मानलं, तर त्या सोड्याचं काय करायचं, हा त्यांचा घोर होता. मला कळलं. दया यायला हवी होती, पण तिथं आली नाही, रागच आला. आत माझा नवरा पडला होता. डॉक्टर म्हणत होता, सही बायकोची चालेल, पण आईचा विरोध असेल तर आम्ही पुढं जाणार नाही. आणि काय ते लवकर सांगा.

"अहो आत्याबाई," मी वैतागून म्हणाले, "काट्यानं काटा काढतेत का न्हाई? तसा गॅसनं गॅस काढायलेत!"

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "मंग आसं सांगावं की आधी. मघाधरनं हायडोजन फायडोजन काय लावलंय!"

डॉक्टरनं बोलायला तोंड उघडलं. मी त्याच्याकडं असं पाहिलं, की त्यानं ते मिटलं. मी सही करताना मात्र त्यानं मला ऐकवलंच. काही पेशंटना खरा हायड्रोजन मिळतो, काहींना नुसता ऑक्सिजन. कुणाला काय, हे आत्ता त्यालाही कळत नाही. म्हणजे एवढी डोकेफोड करून मिळाला तर मिळाला! मी पेन जवळजवळ आपटलाच.

काही दिवसांनी सिद्धोधननं डोळे उघडले. घशातली नळी निघाली. आम्ही दोघी दोन्ही बाजूंना उभ्या. तो छताकडं बघत राहिला, मग आमच्याकडं. ओळखतो का?

त्याचा हात हळूहळू वर आला आणि तळवा छातीवर फिरला.

"आई," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "गॅसच व्हता न्हवं? बबिताला सांग. उगंच घाबरायली."

सासूबाईंचा बांध फुटला. "न्हाई रं लेकरा. गॅस नव्हता. मी चुकले."

ज्या शब्दाचा मला वीट आला होता, तो मी त्याच्या तोंडून पुन्हा पुन्हा ऐकायला तयार होते. मी कॉटला वळसा घालून गेले आणि सासूबाईंचा हात धरला.

"आसू द्या, आत्याबाई," मी म्हणाले. "गॅसच व्हता."