बाबालालची कोरी पानं

“या एका कादंबरीनं करवीरनगरीच्या हजार वर्षांच्या संस्कृतीला सुरुंग लावलाय!” असं गर्जून अध्यक्ष विजयसिंहांनी हातातलं पुस्तक टेबलावर आपटलं. पुस्तकाची शिवण आधीच दमलेली होती. ती सुटली. वर पंखा पाचावर होता. पुढच्याच क्षणी सुरुंगाची तीनशे बारा पानं कार्यालयभर उडाली, आणि कळंबा रस्त्यावरच्या त्या वाचनालयाची आख्खी कार्यकारिणी संस्कृतिरक्षणासाठी टेबलाखाली रांगू लागली.

पाच मिनिटांचं काम होतं. पाऊण तास लागला. कारण ज्याच्या हाताला जे पान लागलं, ते तो तिथंच बसून वाचत होता.

“एकशे सत्तेचाळीस कुणाकडं हाय?” ग्रंथपाल संयोगिताबाईंनी विचारलं. शेवटी सयाजी नावाच्या दूधवाल्या सभासदानं ते बुडाखालून काढून दिलं.

कादंबरीचं नाव ‘केवड्याचा खंजीर’. काळ बाराव्या शतकाचा. केतकीगडाची राणी आणि तिच्या हत्तीचा माहूत यांची प्रेमकथा. एकशे सत्तेचाळिसाव्या पानावर राणी हत्तीवरून उतरते, जमिनीवर बसते आणि माहुताच्या फडक्यातली भाकरी खाते. तो विचारतो, “राणीसाहेब, तुम्हाला काय पाहिजे?” राणीला उत्तर येत नाही. दिवा विझतो. पुढच्या प्रकरणात हत्तीची अंघोळ. एवढ्यावर निम्मं कळंबा हादरलं होतं. उरलेलं निम्मं नंबर लावून बसलं होतं.

हे कळायला मार्ग होता तो बाबालालच्या कोऱ्या पानांचा. बाबालाल हा वाचनालयाचा बाइंडर. वाचक समासात काहीबाही लिहितात म्हणून जुन्या ग्रंथपालांनी त्याला कधीतरी सांगितलं होतं की, बांधताना मागं चार ताव दुमडून आठ कोरी पानं घालत जा. ज्याला अभिप्राय द्यायचाय त्यानं तिथं द्यावा, नाव लिहू नये. तेव्हापासून तो रिवाजच पडला. एरवीच्या पुस्तकांत ती पानं कोरीच राहत. फार तर ‘छान’, आणि खाली दुसऱ्या अक्षरात ‘काय छान?’ केवड्याच्या खंजिराची मात्र मागच्या वर्षी घातलेली आठही पानं भरून गेली होती.

“राणीनं असं वागावं हे पटत नाही. त्या काळी शिस्त होती.”

“तुम्ही होता काय तिथं?”

“लढाया कमी, उसासे फार. हत्ती बरा आहे.”

“हत्तीचं नाव आवडलं. म्हशीला ठेवलं.”

“पान १४७ आमच्या घरात कुणाला वाचू देत नाही. मी वाचले.”

“१४७ वर काहीही नाही. दोनदा बघितलं.”

खरा सुरुंग मात्र पहिल्याच कोऱ्या पानावर होता. पेन्सिलीनं, शाळेत घोटवून घेतलेल्या अक्षरात कुणीतरी लिहिलं होतं, “पान १४७ खोटं आहे असं पुरुषमंडळी म्हणतील. मला ते खरं वाटलं. माझ्या लग्नाला तीस वर्षं झाली. तुला काय पाहिजे, हे मला कुणी विचारलेलं नाही. विचारलं तर राणीसारखी फजिती नको, म्हणून मी उत्तर तयार करून ठेवलंय.”

आणि त्याखाली वेगवेगळ्या शाईत, वेगवेगळ्या हातांनी, अकरा वेळा लिहिलं होतं, “मलाही नाही.”

संयोगिताबाईंनी रजिस्टर काढलं. वर्षभरात पुस्तक नेलं चव्वेचाळीस जणांनी. त्यात बायका तीन.

“तीन बायका आणि बारा अक्षरं?” सयाजी म्हणाला.

“बाकीच्या तुमच्या कार्डावर वाचत्यात,” संयोगिताबाई शांतपणे म्हणाल्या.

सहाही सभासद मनातल्या मनात स्वतःच्या लग्नाची वर्षं मोजत होते. सयाजीची अठ्ठावीस भरली. त्यानं कपाळाचा घाम पुसला. विजयसिंह पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना हिशेब लागेना, तेव्हा त्यांनी ठराव मांडला. पुस्तक बाइंडरकडं द्यावं. नवी शिवण घालावी. ते पहिलं कोरं पान कापून टाकावं. आणि अक्षर कुणाचं, याचा बाइंडरनं अंदाज द्यावा, कारण सगळी पुस्तकं त्याच्या हाताखालून जातात. ठराव एकमतानं पास झाला. बाराजणींचं मत विचारण्याची पद्धत नव्हती.

*

बाबालालचं दुकान म्हणजे घराची पुढची खोली. पुठ्ठे, खळीचं पातेलं, लोखंडी दाब, आणि खिडकीशी बसून शिवण घालणारी कुलसुम. तो फर्मे, म्हणजे दुमडलेल्या पानांचे जुडगे, सुटे करायचा, तिनं ते ओळीनं लावून शिवायचे, मग त्यानं पुठ्ठा चढवायचा. चोवीस तास एका खोलीत असूनही दोघांत बोलणं असं फार होत नसे. “दोरा.” “हं.” “खळ पातळ झालीया.” “हं.” घरातली बोली निम्मी दख्खनी, पण ‘हं’ दोन्हीकडं सारखाच.

आयुष्यभर पुस्तकं बांधून बाबालालनं एकही वाचलं नव्हतं. “वाचत बसलो तर बांधायचं कुणी?” असं तो विचारायचा, आणि ते बरोबरही होतं. पण आता काम अक्षर ओळखायचं होतं. कुलसुम दळण आणायला गेलेली. तो चष्मा लावून दारात बसला आणि पेन्सिलीचा तो मजकूर बोट फिरवत वाचला.

‘१४७’ या आकड्यावर त्याचं बोट थांबलं.

त्यातल्या चारच्या अंकाला खाली एक वेलांटी होती, डाव्या हाताला वळलेली. असला चार जगात दुसरीकडं कुठं असेल, पण बाबालालनं तो एकाच ठिकाणी बघितला होता. त्याच्या दुकानातून बाहेर पडलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या चौथ्या फर्म्यावर, कोपऱ्यात, बारीक पेन्सिलीनं. शिवताना क्रम चुकू नये म्हणून कुलसुम आकडे घालायची.

त्यानं शेजारचं पुस्तक उघडलं. चार. त्याखालचं. चार. मग तो भिंतीला टेकला. घेरी आल्यावर माणूस टेकतो, तसा.

कार्यकारिणीनं सगळं रजिस्टर चाळलं होतं. एक गोष्ट मात्र कुणाच्या डोक्यात आली नव्हती. पुस्तक वाचकाकडं जाण्याआधी आठ दिवस बाइंडरच्या घरी असतं, आणि कोरी पानं सगळ्यांत आधी कोऱ्या अवस्थेत तिथल्याच माणसांना दिसतात.

लग्न कधी झालं? इचलकरंजीहून वऱ्हाड टेम्पोनं आलेलं. कुलसुमचे वडील यंत्रमागावर कामाला होते. पोरगी दहावी पास, हे त्यांनी तीनदा सांगितलेलं, आणि बाबालालच्या बापानं “आकडे घालता येतील” एवढंच म्हटलेलं. त्यानं बोटांवर मोजलं. एकतीस. मागच्या वर्षी तीस.

कुलसुम दळण घेऊन आली. “काय झालं? तोंड असं का?”

“काय न्हाय. दोरा कुठाय?”

“तुमच्या गळ्यात.”

खरंच होता.

पान कापणं हे त्याच्या दृष्टीनं दोन मिनिटांचं काम. पट्टी ठेवायची, कटर ओढायचा. कापलं की लिहिणं गेलं, प्रकरण मिटलं, वाचनालयाचं काम सुखरूप. नाही कापलं तर उद्या कुणीतरी विचारणार, का नाही कापलं? आणि मग चारचा आकडा कुणाच्याही नजरेला पडू शकतो. बाइंडरची बायको पुस्तकं वाचते, वर त्यात लिहिते, हे कळलं तर पुस्तकं दुसरीकडं जायला कितीसा वेळ? त्यानं पट्टी ठेवली. मग हाताच्या सवयीनं, कुठलंही पान कापायच्या आधी बघतात तसं, त्यानं त्या पानाचं जोडीचं पान कुठलं ते बघितलं.

आणि त्यानं कटर खाली ठेवला.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी तो सुटं पुस्तक फडक्यात बांधून वाचनालयात गेला. कार्यकारिणी शेंगदाणे खात बसली होती.

“झालं काम?” विजयसिंहांनी विचारलं.

“व्हईना झालंय साहेब. म्हणून इचाराय आलो.”

“त्यात काय इचारायचं? एक पान तर कापायचं.”

“एक पान कापताच येत न्हाय, साहेब. ताव दुमडला की त्याची दोन पानं व्हत्यात. पुढचं कापलं की मागचं निसटतंय. ह्या पयल्या पानाची जोड शेवटच्या पानाशी हाय. म्हंजे जायचं तर दोन्ही जाणार.”

“मग जाऊ दे की दोन्ही!”

“तसं कसं, वाचकाचं लिवणं हाय. काय जाणार ते कमिटीला कळाय नको?” बाबालालनं शेवटचं कोरं पान संयोगिताबाईंच्या पुढं सरकवलं. “वाचा की जरा, बाई.”

संयोगिताबाईंनी वाचायला सुरुवात केली. “कादंबरी अनैतिहासिक व आक्षेपार्ह आहे. तीन वेळा वाचली. पान १४७ हे समाजविघातक असून ते ओझरते वाचल्यास परिणाम साधत नाही. माहुतास बडतर्फ करणे आवश्यक होते. राणीच्या मनाविषयी मात्र…” इथं त्या थांबल्या.

“काय मात्र?” सयाजी पुढं वाकला.

“राणीच्या मनाविषयी मात्र निम्नस्वाक्षरीकारास विचार करता झोप लागली नाही.”

खाली सही नव्हती. तिची गरजही नव्हती. मजकूर हिरव्या शाईत होता, आणि त्या खोलीत हिरव्या शाईचं पेन एकाच खिशाला लावलेलं होतं. सगळ्यांनी त्या खिशाकडं बघितलं. मग सगळ्यांनी एकदम शेंगदाण्यांकडं बघितलं.

विजयसिंहांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा, आणि मग, बऱ्याच वेळानं, नुसताच म्हातारा झाला.

“राहू द्या दोन्ही,” ते म्हणाले. “वाचकांचं मत हाय. दस्तऐवज असतो तो.”

“ठराव?” संयोगिताबाईंनी विचारलं.

“घ्या लिहून.”

बाबालालनं पानं गोळा करून फडक्यात बांधली. तो दारापर्यंत पोचला तेव्हा विजयसिंहांनी त्याला हाक मारली. मघाची गर्जना आवाजात नव्हती.

“बाबालालभाई, अक्षराचा काय अंदाज लागला का?”

“न्हाय बा.”

“एवढी तीस वर्षं… ह्या बाईच्या नवऱ्याला कायच कसं वाटलं नसंल ओ?”

बाबालालनं फडक्याची गाठ पुन्हा एकदा आवळली. “वाटत असंल की, साहेब,” तो म्हणाला. “उशिरा वाटत असंल.”

*

घरापर्यंतच्या वाटेत त्यानं वाक्याची तालीम केली. चार शब्दांचं वाक्य, पण जिभेला वळण नव्हतं. एका रिक्षावाल्यानं “कुठं जायचं, पावणं?” विचारलं, तेव्हा त्यालाच तो प्रश्न विचारून बसणार होता.

कुलसुम खिडकीशी होती. त्यानं पुस्तक तिच्यापुढं ठेवलं, उंबऱ्यावर बसला, खाकरला.

“तुला काय पायजे, कुलसुम?”

“दोरा संपलाय.”

“तसं न्हाय. तुला. तुला काय पायजे?”

तिची सुई अर्ध्यात थांबली. तिनं पुस्तकाकडं बघितलं, मग त्याच्याकडं. तिचा चेहरा असा झाला की बाबालालला वाटलं, भूकंप झाला आणि आपल्यालाच कळला नाही.

“वाचलंसा?”

“व्हय.”

“कापलं? कमिटीच्या चिठ्ठीत तसं लिवलेलं.”

“न्हाय. ऱ्हायलं. साहेबांच्या जोडीला.”

बाहेर कुणाची तरी म्हैस हंबरली. बाबालालनं मनात तयारी केली. अजमेर म्हणेल. माहेरी महिनाभर म्हणेल. एकतीस वर्षांचा हिशोब काढेल. काहीही म्हणाली तरी हो म्हणायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

“सांग की. तयार हाय म्हणून लिवलंयस.”

कुलसुमनं फडकं सोडलं. सुट्या फर्म्यांतून नेमका एक उचलला, एकशे सत्तेचाळीस असलेला. दाराच्या उजेडात धरला. जवळ नेला. हातभर लांब नेला. डोळे बारीक केले.

“तुमचा चष्मा द्या,” ती म्हणाली. “अर्धा तास. तवर हाक मारू नका.”