मिठातली वार

कुंभारीत मतदानालाही एवढी गर्दी होत नाही, जेवढी बिरुदेवच्या दारात होती. मधोमध तराजू, पारड्यात बाळामागून पडलेली वार आणि मागे मठातला तोलबाबा. बिरुदेवच्या बायकोला, सोनमला, मुलगा झाला. वार दारात पुरायची म्हणून त्याने दवाखान्यातून मागून आणली. ती बाबाने मंतरलेल्या मिठाच्या मडक्यात घालून मठात नेली होती. आज मडक्यासकट परत आणून पुन्हा तोलली.

"दवाखान्यात अर्धा किलो भरली हुती. आता बघा!" बाबा म्हणाला.

पारडं वर गेलं. बाबाचे डोळेही.

"पोराचं आयुष्य कुणीतरी चाटतंय. घरातलंच हाय. रिकाम्या कुशीचं!"

सगळे केराबाईकडे वळले. केराबाई सोनमची मोठी जाऊ, मूलबाळ नसलेली. बाबाने नाव घेतलं नाही; कायदा त्याला तेवढा कळत असावा. नाव बिरुदेवने घेतलं.

"वैनी, तुमी म्हायेरी जावा. परत येऊ नगा."

बोचकं उंबऱ्यावर आलंसुद्धा.

सोनमने आतून फोन लावला. बाळंतपण करणाऱ्या डॉक्टर उत्कर्षा आल्या, मडक्यात डोकावल्या.

"तळाशी पाणी कसलं?"

"करणीचं," बाबा म्हणाला.

"असं? मग बोकडाची कलेजी आणा. आणि केराबाई उद्यापर्यंत कुठेही जाणार नाहीत."

कलेजी त्याच तराजूत तोलून बाबाच्याच मिठात पुरली. मडकं बिरुदेवने उशाशी घेतलं. सकाळी मीठ झटकून पुन्हा तोलली, तर पारडं वर!

"बाबा, बोकडालाबी जाऊ हुती व्हय?" मेंढरं राखणारा सिद्धाप्पा ओरडला.

डॉक्टरांनी बायकांना विचारलं, "कैरीच्या फोडींना मीठ लावलं की?"

"पाणी सुटतं की!"

"वारेलाही तेच सुटलं. वार साधारण बाळाच्या वजनाच्या सहाव्या हिश्शाएवढी भरते. थोडी कमी, थोडी जास्त, सगळं चालतं. नाळ लवकर बांधली की उशिरा, त्यानेही फरक पडतो. पण ते माप ताज्या वारेचं, लोणच्याचं नाही."

बाबाला तेवढ्यात मठात तातडीची समाधी लागायची होती. तो तराजू विसरून गेला.

बिरुदेव मान खाली घालून बोचक्याकडे गेला. त्याआधीच सोनमने बाळ केराबाईच्या हातात दिलं.

"धरा की अक्का. मला न्हायचंय."

वाचकहो, पुढच्या वेळी कुणी तोलून दाखवलं, तर बाईकडे बघण्याआधी मडक्याच्या तळाशी बघा.