आश्रुबाची टाळी

वालूरमध्ये कुणी जरा मोठी गोष्ट सांगायला लागलं की पारावरचं कुणीतरी म्हणणारच, "झाली सुरू आश्रुबाची टाळी." एखाद्याच्या म्हशीनं दोन शेर दूध जास्त दिलं, आश्रुबाची टाळी. पुढाऱ्यानं रस्ता देतो म्हटलं, आश्रुबाची टाळी. अख्ख्या गावात एकच बाई हे शब्द तोंडातून काढू शकत नव्हती, ती म्हणजे धुरपताबाई. आश्रुबा तिचा नवरा. आणि नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हे तिला बोहल्यावर चढायच्या आधीपासून पाठ.

गोष्ट एवढीच होती. निजामाच्या अमदानीत आश्रुबा एका खटल्यात साक्षीला म्हणून राजधानीला, हैदराबादला गेला होता. साक्ष झाली, एक दिवस हाताशी उरला, तेव्हा गोवळकोंड्याचा किल्ला बघून आला. आल्यावर सांगायला लागला की किल्ल्याच्या दरवाजात, घुमटाखाली टाळी वाजवली की वर डोंगराच्या माथ्यावर ऐकू येते. चांगली अर्ध्या मैलावर! गाव पोट धरधरून हसलं. तात्याराव म्हणून एक जिभेचे तिखट गृहस्थ होते, ते म्हणाले, "मग आमाला वालुरात कशी न्हाई आली?" तेव्हापासून नाव पडलं ते पडलंच.

गाव हसलं त्याचं धुरपताबाईला काही वाटत नव्हतं. गावाला दुसरा धंदा काय? तिला सलत होतं ते वेगळंच. एकदा खळ्यावर माणसं जमलेली असताना तात्यारावांनी ती थट्टा काढली आणि सगळ्यांबरोबर तीही हसली. तोंडाला पदर लावून, पण हसली. आश्रुबानं ते पाहिलं. त्या दिवसापासून मरेपर्यंत, वीस वर्षं, त्यानं हैदराबादचं नाव काढलं नाही. आधी म्हणायचा, "एकदा तुला नेतो. तू वर थांब, मी खालून वाजवतो." तेही बंद झालं.

बायकोचं नाव तोही घेत नसे. शेताच्या त्या कडेहून बोलवायचं झालं तर टाळी वाजवायचा. दोन, मग जरा दम खाऊन एक. ही इकडून म्हणायची, "आले, आले." चाळीस वर्षांचा संसार तीन टाळ्यांवर झाला म्हणा ना.

आश्रुबाचं वर्षश्राद्ध उरकलं आणि दुसऱ्या दिवशी चुलीपुढं बसल्या बसल्या ती मुलाला म्हणाली, "बन्सीधर, मी हैदराबादला जायलेय."

"कामून? तिथं कोन हाय आपलं?"

"कोन न्हाई. किल्ला बगायचाय."

"माय, बायामानसं देवाला जातेत. तुळजापूरला जा, मी नेऊन आणतो. किल्ला बगायला एकटी बाई कोन जातंय?"

"मी."

"मग मी येतो संगं."

"तू नगं. तूबी हसलेला हायस."

बन्सीधर चुलीतलं लाकूड पुढं सारायला लागला. खरंच हसलेला होता बिचारा.

पहिल्यांदा निघाली त्या दिवशी नेमका विद्यापीठाच्या नामांतराचा बंद. सेलूकडं जाणारी एस.टी.च आली नाही. दुपारपर्यंत फाट्यावर बसून ती माघारी आली. बन्सीधरला वाटलं, फिटली हौस. आठ दिवसांनी सून पंचफुला पहाटे उठून बघते तर सासू भाकऱ्या फडक्यात बांधून तयार. म्हातारीच्या मनानं घेतलं की घेतलं.

सेलूला संध्याकाळच्या आगगाडीत बसली, रात्रभर खिडकीला टेकून गेली आणि सकाळी हैदराबादेत काचीगुड्याच्या स्टेशनावर उतरली. बोलायची अडचण पडली नाही. निजामाच्या राज्यात जन्मलेली बाई, निम्मी जबान घरचीच होती. विचारत विचारत सिटी बस धरली. चारमिनार खिडकीतून दिसला. बरा होता. त्याच्यासाठी उतरायची तिला गरज वाटली नाही.

गोवळकोंड्याच्या दरवाजात गर्दी होती. घुमटाखाली जो तो टाळ्या पिटत होता. पिकल्या दाढीचा एक गाईड तिथं उभा होता, त्यानं तिला हटकलं. "अम्मा, अकेलेच आए क्या? साथ में कौन हैं?"

"कोई नहीं."

"तो कैसा जी? एक जन नीचे बजाना, एक जन ऊपर सुनना. अकेले का काम नहीं ये."

धुरपताबाई मटकन दगडावर बसली. एवढं वर्ष तिनं सगळं मनात आखलं होतं. गाडी, भाकरी, परतीची वेळ. पण खालून टाळी कोण वाजवणार हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिच्या मनात ती वर उभी होती आणि खाली तोच होता. तो नाही, हे तिला त्या दगडावर बसल्यावर पुरतं कळलं. वर्षभर जे रडू आलं नव्हतं ते तिथं आलं. तिनं ते येऊ दिलं, पदरानं डोळे पुसले आणि उठली.

"चाचा, तुम बजाव," ती म्हणाली. "पर जैसा मैं बोलती वैसा."

तिनं वाजवून दाखवलं. दोन, दम, एक. गाईड हसला. म्हणाला, टाळीसारखी टाळी, त्यात काय शिकायचं? आणि घाईनं तिन्ही टाळ्या एकदम वाजवून मोकळा झाला. "ऐसा नहीं," म्हणत तिनं पुन्हा वाजवून दाखवली. चार वेळा करून घेतलं. बाई हट्टाला पेटलेली बघून त्यानं विचारलं, "ये किसकी टाली है, अम्मा?"

नाव घेता येईना. "घरवाले की," ती म्हणाली. "वो अब नहीं."

त्याचं हसू मावळलं. त्यानं पाचव्यांदा वाजवली, अगदी बरोबर. "जाओ अम्मा. ऊपर पहुँचके पल्लू हिलाओ. दिखे तक मैं यहींच हूँ."

तीनशेच्या वर पायऱ्या. शंभरावर गुडघे बोलायला लागले. उतरणारी एक बाई म्हणाली, इथूनच दिसतं सगळं, वर काही नाही. धुरपताबाई मनात म्हणाली, तुझं नसेल, माझं हाय. पुढंपुढं पाच पायऱ्या चढायच्या, भिंतीला हात लावून थांबायचं, परत पाच. उन्हानं डोकं तापलं. पण खाली एक म्हातारा टाचा उंच करून आपली वाट बघत उभा असेल, ह्या विचारानं तिला बसवेना.

माथ्यावर पोचली तेव्हा वारा सुटला होता. खाली दरवाजा काडेपेटीएवढा. तिनं पदर सोडून हलवला. टाळ्या येतच होत्या, कुणाकुणाच्या, फटाफट. म्हणजे येत होत्या तर! खरं होतं. तरी ती हलली नाही. टाळ्या थांबल्या. बहुतेक म्हाताऱ्यानं लोकांना बाजूला सारलं असावं.

मग आली. दोन. जरा दम खाऊन एक. शेताच्या त्या कडेहून यायची तशी.

"आले, आले," धुरपताबाईच्या तोंडून निघून गेलं आणि ती दोन पावलं पुढंही झाली. कठड्यानं अडवली. तिथं उभी राहून ती हात जोडून म्हणाली, "चुकलं माझं. हसायला नगं होतं." मग डोळे कोरडे होईपर्यंत बसली, भाकरी खाल्ली आणि उतरली. संध्याकाळची गाडी होती.

तिसऱ्या दिवशी वालूरच्या पारावरून ती घराकडं निघाली तेव्हा तात्याराव बसलेलेच होते. भोवती पाच-दहा माणसं. थकले होते आता, पण जीभ तीच.

"काय वहिनी, एकट्याच गेलता म्हणं राजधानीला. काय बगून आलाव?"

धुरपताबाई थांबली. डोक्यावरचा पदर नीट केला. गावासमोर, वडीलधाऱ्यांसमोर, जन्मात पहिल्यांदा, एकेक अक्षर सुटं करून ती म्हणाली,

"आश्रुबाची टाळी."

पारावर कुणी हसलं नाही. तात्यारावांनी मान खाली घातली. ती तशीच पुढं निघाली, घरी धुणं पडलं होतं.