उपवासकाळातली ओळ

बुधवारी ॲन्सेल्म मास्तर क्लासला अर्धा तास आधीच पोचले. हॉलला कुलूप होतं. ते पायरीवर बसले, उठले, माणिकपूरच्या रिक्षा स्टँडपर्यंत गेले, परत आले. येत्या रविवारची चर्चमधली आठची मिस्सा, म्हणजे सामूहिक उपासना, त्यांना कुठेच टेकू देत नव्हती.

हा क्लास साठी ओलांडलेल्यांचा, त्यातही ज्यांचं स्मरण जरा दगा देऊ लागलंय अशांचा. शिकवणारी प्रिन्सी कीबोर्ड घेऊन बसे आणि सातजण तिच्यासमोर. डॉक्टर म्हणाले होते, गाण्याने बरं वाटेल. मास्तरांना ते ऐकून ओशाळल्यासारखं झालं. तीस वर्षं चर्चचा गायकवृंद चालवलेल्या माणसाने आता गाणं गोळीसारखं घ्यायचं! गेल्या वर्षी सणाच्या मिस्सेत त्यांनी एकच कडवं तीनदा घेतलं, तेव्हा त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या गॉडफ्रेने त्यांना हलकेच बाकावर बसवलं होतं. "आराम करा, मास्तर."

आता तोच गॉडफ्रे म्हणाला होता, "रविवारी शुभवर्तमानाच्या वाचनाआधीची ओळ तुमच्या क्लासने गायची. सुरुवात तुमची. नीट झालं तर पास्काच्या सणाला आमच्यात उभे राहा."

नीट होण्याचीच तर पंचाईत होती. एरवी त्या जागी 'आलेलुया' गातात. पास्कापर्यंतचे, म्हणजे ईस्टरपर्यंतचे, उपवासकाळाचे चाळीस दिवस मात्र तो आनंदाचा शब्द चर्चमध्ये उच्चारायचाही नाही. त्याऐवजी 'तुझी स्तुती असो, ख्रिस्ता' ही साधी ओळ. मास्तरांना हे पोरवयापासून ठाऊक. पण घशाला कोण समजावणार?

प्रिन्सीने सूर दिला. मास्तरांनी डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात "आलेलुया" उचललं. त्यांच्यामागोमाग पाचजण तस्सेच गेले. कागदावर बोट ठेवून एकट्या मनोरमाबाई 'तुझी स्तुती' गात राहिल्या आणि मग घाबरून थांबल्या.

"चुकले का हो मी?"

"आंटी, तुम्ही एकट्याच बरोबर," प्रिन्सीने कपाळाला हात लावला. "बाकी सगळ्यांनी आजच ईस्टर करून टाकला!"

सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. दुसऱ्यांदा तेच झालं. तिसऱ्यांदा ओळ बरोबर आली, पण त्यांचं त्यांनाच खरं वाटेना.

मनोरमाबाई स्टेशनजवळच्या सोसायटीत राहायच्या, पोस्टातून निवृत्त झालेल्या. आयुष्य आरत्यांत गेलेलं. निघताना मास्तरांनी त्यांना गाठलं.

"बाई, रविवारी पहिला शब्द तुम्ही काढाल? मी लगेच मिसळतो."

"मी? तुमच्या चर्चमध्ये? आणि विसरले तर?"

"विसराल. पण तुमच्या तोंडून आलेलुया यायचं नाही."

"ते मला येतच नाही, तर चुकून तरी कुठून येणार!" त्या खळखळून हसल्या. "बरं. पण कागद मी सोडणार नाही."

शुक्रवार, शनिवार मास्तर घरात येरझारा घालत होते. जेवतानाही ओठ हलायचे. "घास तरी तालात घेऊ नका," प्रिस्का म्हणाली, आणि नवऱ्याचा चेहरा पाहून तिने पुढची थट्टा गिळली.

रविवारी चर्च भरलेलं होतं. सूर आला. मनोरमाबाईंनी शब्द काढला, मास्तर मिसळले, ओळ सरळ पार पडली. मधलं वचन प्रिन्सीने गायलं. आता तीच ओळ पुन्हा. मास्तरांनी बाजूला पाहिलं. मनोरमाबाईंनी कागद उलटला होता आणि कोऱ्या बाजूवर त्या ओळ शोधत होत्या. सूर थांबायचा नव्हता. मास्तरांचं तोंड उघडलं.

"आ..."

बाहेर पडलेला स्वर आत कसा घ्यायचा? पुढचं अक्षर जिभेवर आलंच होतं. त्यांनी जीभ तळाशी दाबून धरली आणि तो 'आ' तसाच लांबवला, वर नेला, खाली आणला. श्वास संपत आला. तेवढ्यात कागद सुलटा झाला आणि मनोरमाबाईंचा बारीक आवाज आला, "तुझी स्तुती..." मास्तरांचा स्वर त्या शब्दावर येऊन कोसळला.

मिस्सा संपल्यावर गॉडफ्रे धावतच आला. "मास्तर, काय तान घेतलीत! पास्काला हवीच."

"ती तान नव्हती, गॉडफ्रे," मास्तर म्हणाले. "ते आलेलुया होतं. अर्ध्यावर धरलं."

गॉडफ्रेचं हसू जागच्या जागी राहिलं. त्याने हातातली फाईल मिटली. "असं होय. पास्काला गर्दी फार असते. बघू या, मास्तर."

तो गेला. 'बघू या' म्हणजे काय ते मास्तरांना पक्कं माहीत होतं. तीस वर्षांत त्यांनी स्वतः ते कितीजणांना ऐकवलं होतं.

मनोरमाबाई भडकल्या. "कशाला बोललात? कुणालाही कळलं नव्हतं! आयती जागा मिळत होती."

"मला कळलं होतं ना."

"मग ठेवायचं मनात!"

"मनात राहतं कुठे, बाई?" मास्तर म्हणाले. "उद्यापर्यंत विसरलो असतो. मग मीही लोकांना सांगत सुटलो असतो, की काय तान घेतली मी."