पेडल दाबायला माणूस

गाडीच्या अंगाला दुसऱ्या कुणी हात लावलेला नानांना खपत नसे. गॅरेजवाल्यांवर तर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. ब्रेकचं जुनं तेल काढून नवं भरायचं काम नवरा-बायको दोघं मिळून घरीच करत. ती आत बसून पेडल दाबायची, ते चाकाशी बसून तेल सोडायचं निपल सैल करायचे आणि काळं तेल नळीतून बाटलीत उतरायचं. निपल परत आवळेपर्यंत तिनं पाय हलवायचा नाही. एरवी एकमेकांचं एक वाक्य पुरतं ऐकून न घेणारी ही दोघं तेवढ्यापुरती शहाण्यासारखी वागत.

मग मणक्याच्या दुखण्यात बायकोचे दोन्ही पाय गेले. "तू उभी राहिलीस की करू ब्रेकचं," असं म्हणत नानांनी काम लांबणीवर टाकलं आणि तिनं त्या वाक्याच्या आधारावर दिवस ढकलले. पण आता पेडल फार खोल जायला लागलं होतं, ब्रेक उशिरा लागत. तिला व्यायामाला न्यायचं ते याच गाडीतून, चांगल्या लांबलचक उतारावरून. तेवढा वेळ नाना जीव मुठीत धरून बसत.

शेवटी नाना गाडीच्या सामानाच्या दुकानात गेले. दुकानदारानं काउंटरवर दोन वस्तू ठेवल्या. एक साधी नळी आणि बाटली. दुसरा हाताचा छोटा पंप.

"हा चाकापाशीच तेल ओढून घेतो, काका. एकट्याचं काम. घरी पेडल दाबायला कुणी आहे का?"

प्रश्न साधा होता, पण नानांचं घोडं तिथंच पेंड खात होतं. त्यांनी पंपाचा दांडा दाबून पाहिला. पंप चांगला होता, आणि हाच घ्यायला हवा हे त्यांना कळत होतं. पण तो तिच्या पलंगासमोरून न्यायचा कसा? तू आता उठणार नाहीस, हे वेगळं सांगायचं काय उरलं असतं?

"आहे की," नाना म्हणाले. "नळीच द्या."

घरी नळी पाहून बायकोचा चेहरा उजळला. "म्हणजे मीच ना? चला, बसवा मला."

नानांची पाचावर धारण बसली. "आज राहू दे गं."

"का म्हणून? जोर यायला लागलाय पायात. तुम्हालाच दिसत नाही."

त्यांनी तिला उचलून आणलं. ती फारच हलकी झाली होती. सीटवर बसवून त्यांनी तिचा पाय हातानं पेडलवर ठेवला आणि मागच्या चाकाशी जाऊन बसले.

"दाब."

"दाबलं!" आतून खणखणीत आवाज आला.

नानांनी निपल सैल केलं. नळीत एक थेंब उतरला, तोही आपल्याच वजनानं. ते वाट बघत राहिले. बऱ्याच वेळानं दुसरा आला.

"आलं का हो?"

नानांनी रिकाम्या बाटलीकडे पाहिलं.

"आलं," ते म्हणाले. "भरपूर आलं."

"बघा! आणि म्हणे राहू दे." ती हसली. असं मोकळं हसणं त्या घरात कित्येक महिन्यांत ऐकू आलं नव्हतं. "अहो, अजून धरूनच ठेवलाय मी. पाय भरून आला, पण सोडला नाही."

नानांनी निपल आवळलं आणि बाहीनं डोळे पुसले. उद्या सकाळी तिला शेजारी बसवून याच ब्रेकवर तो उतार उतरायचा होता. ते पाना घेऊन उठले आणि पुढच्या चाकाशी जाऊन बसले.

"चल," ते म्हणाले, "आता या चाकाचं."