राखेखालचा पत्ता

बोस्टनहून आलेल्या पोराने आधी आईकडे पाहावं की चुलीकडे? फेहीन दारातून आला तो थेट चुलीपाशी गुडघे टेकून बसला. राख उकरून ओरडला, "आहे गं, आई! अजून आहे!" मी आपली मागे काठी टेकून उभी. मीही होते की.

आमच्याकडे आयर्लंडच्या खेड्यात चुलीतला विस्तव विझू देत नाहीत. निजताना निखारे राखेत पुरायचे, सकाळी उकरून वर पीटच्या, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या जळाऊ मातीच्या, विटा रचायच्या. हा विस्तव माझ्या सासूच्या सासूपासूनचा. नवरा गेल्यापासून तो सांभाळायला मी एकटी. म्हणून एक रात्रही कुठे राहिले नाही. माझ्या लेकीने, सोरखाने, गॉलवे शहरात माझ्यासाठी उबदार खोली तयार ठेवली आहे. गुडघे रोज तिकडे जायला सांगतात. पण निघायचं म्हटलं की फेहीनचा फोन, "आई, एवढा हिवाळा काढ."

का, ते काल गावच्या हॉलमध्ये कळलं. त्याचं आयरिश कवितांचं पुस्तक निघालं आहे. मला पहिल्या रांगेत नवरीसारखं बसवलं आणि त्याने वाचलं, "परक्या शहरात लोक पत्ता विचारतात. आईच्या राखेखालचा निखारा, एवढाच माझा पत्ता." माणसं डोळे पुसू लागली. खोटं कशाला बोलू, मीही रुमाल काढला. लिहितो चांगलं मेला.

शेजारची बार्ब्रा कानाशी लागली, "डेलिया, आता तुझी सुटका नाही बाई. विझला तर अख्खं बोस्टन रडेल."

"रडू दे. पीट उचलायला येतंय का बोस्टन?"

रात्री निखारे पुरायला वाकले, ती उठताना काठी आणि भिंत दोन्ही धरावी लागली.

आज सकाळी मीच फोन करून सोरखाला बोलावलं. गाडी दाराशी लागली तसा फेहीन वाट अडवून उभा राहिला.

"आई, हे घर बंद झालं तर मी कुठला?"

"गेलास तेव्हा विचारलं होतंस?"

"एवढा हिवाळा, आई. पुढच्या वर्षी मी कायमचा येतो."

"गेल्या वर्षीही येणार होतास."

मी चुलीतला चिमटा काढून पुढे केला. त्याने नेमका तापलेल्या टोकाला धरला. चटका बसला तसा हात झटकून बोटं तोंडात घातली, लहानपणी घालायचा तशीच. मन कळवळलं. तरी जाऊन गाडीत बसले, काच खाली केली.

"फेहीन, पत्ता तुझा आहे ना? मग आता तूच राहा त्याच्यावर. आणि विझला, तर त्याचीही कविता कर. चांगली होईल."