लोण्यासारखा रेझर

टेलर मास्तरांना चेहरा एकच होता आणि जुने रेझर दोन डझनांवर. ही चूक देवाची की मास्तरांची, यावरून घरात वाद होता. न्हाणीघरातली एकुलती एक फळी रेझरांनी अडवली होती आणि बाईंची तेलाची बाटली कायमची बादलीशेजारी, जमिनीवर.

शेवटी बाई नवऱ्याला म्हणाल्या, "तुमच्या मंडळातच ठरू द्या. तुमचा लाडका रेझर भारी निघाला तर फळी तुमची. हरलात तर सगळे माळ्यावर."

मंडळ म्हणजे मास्तर, दातांचे डॉक्टर आणि एक बस ड्रायव्हर. दर रविवारी दुकानाच्या मागच्या खोलीत जमून हे तिघं साबणाच्या फेसावर तासन्तास बोलत. डॉक्टरांचा लाडका रेझर खालची कळ फिरवली की वर दोन पंख उघडणारा. ड्रायव्हरचा आकड्यांचा, आकडा वाढवला की धार जास्त लागते. मास्तरांचा मात्र वडिलांचा, पितळी, मुलामा उडालेला. डॉक्टर त्याला 'नळाची तोटी' म्हणत आणि ते मास्तरांच्या जिव्हारी लागे.

चेहरा निःपक्षपाती हवा होता. बाईंचा भाऊ पाहुणा आला होता. दाढी आठवड्याची, स्वभाव गरीब. त्याला खुर्चीत बसवून बाईंनी त्याच्या डोळ्यांवर टॉवेल बांधला.

"भावोजी, नाक राहील ना?" त्याने विचारलं.

"राहील की. डॉक्टर फक्त दात काढतात," ड्रायव्हर म्हणाला.

जाणकारांच्या रिवाजाप्रमाणे एकाच चेहऱ्यावर एकामागून एक तीन हात फिरवायचे होते. चिठ्ठ्या टाकल्या. पहिला हात डॉक्टरांचा. "ओढतंय," मेहुणा म्हणाला. दुसरा ड्रायव्हरचा. "चुरचुरतंय." मग मास्तरांनी नव्याने फेस लावला आणि श्वास रोखून वडिलांचा रेझर फिरवला. मेहुण्याचा चेहरा खुलला.

"हे तर लोणी आहे हो. काही कळलंच नाही."

बाईंनी भावाच्या गालावर हात फिरवून पाहिला. गाल तुळतुळीत होता. डॉक्टरांनी नळाच्या तोटीला हात जोडले.

मास्तरांना आभाळ ठेंगणं झालं. त्या तोऱ्यात त्यांनी न्हाणीघरात जाऊन रेझर धुवायला उघडला, तर आत ब्लेडच नव्हतं. आदल्या संध्याकाळी एका गिऱ्हाइकाच्या पँटची शिवण उसवायला त्यांनीच ते काढलं होतं. ते अजून शिलाई मशीनवर पडलं होतं.

मागे बाई उभ्या होत्या. त्यांनी रिकामा रेझर पाहिला, मग नवऱ्याचं तोंड पाहिलं.

"फळी तुमची," त्या शांतपणे म्हणाल्या. "फक्त आता रोज दाढी याच रेझरने करायची. जिंकला तसाच, रिकामा."

झालं. मास्तर रोज सकाळी फेस काढत, रेझर फिरवत आणि दाढी वाढवत. फळी सोडवत नव्हती. पण वडिलांच्या रेझरला असं फुकटचं यश मिळालं, याचं त्यांना मनापासून वाईट वाटत होतं.

पुढच्या रविवारी डॉक्टर आणि ड्रायव्हर हनुवटीला कापसाचे बोळे लावून आले. दोघांनी जुन्या बाजारातून मास्तरांसारखाच रेझर पैदा केला होता.

"आमचं नुसतं रक्त निघतं," डॉक्टर म्हणाले. "गुपित काय ते सांगा, मास्तर."

बाई चहा घेऊन दारात थांबल्या. मास्तरांनी मनातल्या मनात फळीचा निरोप घेतला.

"आत ब्लेड नव्हतं," ते म्हणाले.

डॉक्टरांनी हनुवटीवरचा बोळा चाचपला. मग त्यांनी सावकाश मान डोलावली. "म्हणजे मनातून ब्लेडच काढून टाकायचं. समजलं."

"मनातून नाही हो, रेझरमधून."

"आधी रेझरमधून, मग मनातून," ड्रायव्हर म्हणाला आणि त्याने मास्तरांच्या दाढीकडे आदराने पाहिलं.

मास्तरांनी कंठशोष केला, पण पालथ्या घड्यावर पाणी. त्यापुढच्या रविवारी मागच्या खोलीत तीन दाढ्या चहा पीत बसल्या होत्या आणि त्यातल्या दोन म्हणत होत्या, काय गुळगुळीत फिरतो हो.

ते दोघे गेल्यावर मास्तर मुकाट्याने रेझर माळ्यावर टाकायला शिडी घेऊन आले. बाईंनी शिडी काढून घेतली.

"राहू द्या. फक्त थोडे सरकवा, माझ्या बाटलीपुरते. एवढंच तर म्हणत होते मी इतकी वर्षं."

मास्तरांनी रेझर सरकवले, बाटली ठेवली आणि वडिलांच्या रेझरला नवं ब्लेड लावून आरशासमोर उभे राहिले. रेझर ओढत होता. चुरचुरतही होता.

"कसा चालतोय?" बाईंनी बाहेरून विचारलं.

"लोण्यासारखा," मास्तर म्हणाले आणि कापूस शोधू लागले.